रूढीचा आडोसा आणि आधार

लोकरूढी जपाव्या कीं टाकाव्या, हा प्रश्न आपण बहुधा अशा थाटानें विचारतों, कीं जणूं रूढि ही एकसंध वस्तुच आहे. इराणी लेखिका सीमीन दानेश्वर (१९२१–२०१२) यांच्या ‘सवूशून’ या कादंबरीनें ही समजूत माझ्यापुरती तरी दूर केली.

१९६९ सालीं प्रसिद्ध झालेली ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धांत परकीय सैन्यानें व्यापलेल्या शिराझ शहराची आहे. आरंभींच प्रांताधिपतीच्या कन्येचें लग्न आहे. बाहेर लोक अन्नास मोताद झालेले, आणि विवाहविधीच्या दालनांत केवळ शोभेसाठीं एक प्रचंड रोटी मांडलेली! याच समारंभांत नायिका झरी हिचीं पाचूचीं कर्णभूषणें वधूसाठीं एका रात्रीपुरतीं मागून नेलीं जातात. तीं परत येत नाहींत. मंगलप्रसंगीं नाहीं कसें म्हणावें, हा झरीचा पेच. येथें रीत बळवंताच्या हातचें हत्यार झाली आहे.

परंतु कादंबरीचें नांवच दुसऱ्या एका रूढीवरून आलें आहे. ‘शाहनाम्या’ंतील निरपराध राजपुत्र सियावश मारला गेला. त्याच्यासाठीं लोक करीत तो शोकविधि म्हणजे सवूशून. झरीचा पति यूसुफ परकीय सैन्यास धान्य विकण्याचें नाकारतो व प्राणास मुकतो. त्याची प्रेतयात्रा असाच लोकांचा शोकविधि होऊं पाहते. ती अडविली जाते. दफन रात्रीं उरकावें लागतें. पण आजवर घराच्या शांततेसाठीं मूग गिळून बसलेली झरी आतां भीत नाहीं.

येथें एक आक्षेप मला खरोखर अवघड वाटतो. स्त्रीला वाणी लाभावी म्हणून पतीनें मरावें लागतें काय? शोक करण्याचें कामही परंपरेनेंच तिला नेमून दिलेलें नाहीं काय? हें मान्य केलें पाहिजे. तथापि नेमून दिलेला शोक झरी चार भिंतींच्या आंत ठेवीत नाहीं. ती तो रस्त्यावर आणते. हा निर्णय रूढीचा नव्हे, तिचा आहे.

मोनीरू रवानीपूर यांच्या ‘अहले गर्क’ (१९८९) या कादंबरींतही दक्षिण किनाऱ्यावरील कोळ्यांच्या जलपऱ्यांच्या कथा अशाच दुहेरी आहेत : गांवाचें भय त्यांत आहे, आणि गांवाला एकत्र बांधणारी स्मृतिही त्यांतच आहे.

म्हणून रूढीचें मोल केवळ तिच्या प्राचीनत्वावरून किंवा सत्यासत्यतेवरून ठरवूं नये. तिच्या आडोशानें कोण हिरावून घेतो, आणि तिच्या आधारानें कोण उभा राहतो, हें प्रत्येक वेळीं नव्यानें पाहावें लागतें. त्या पाहण्यांतून सुटका नाहीं.