निकाल लागेपर्यंत मूल मोठे होते

३० ऑक्टोबर १९४७ रोजी न्युरेम्बर्गच्या न्यायालयात पंधरा वर्षांच्या एका मुलीने साक्षीदार म्हणून शपथ घेतली. नाव मारी डोलेझालोव्हा, गाव चेकोस्लोव्हाकियातले लिदित्से. ते गाव नाझींनी जून १९४२ मध्ये बेचिराख केले होते. पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकांना छळछावणीत धाडले, ८२ मुलांना विषारी वायूने मारले. ‘जर्मन होण्याजोगी’ ठरलेली थोडी मुले तेवढी वाचली. त्यांत मारी होती. तिला एका जर्मन कुटुंबाकडे सोपवून तिचे नाव इंगेबोर्ग ठेवण्यात आले. १९४६ मध्ये ती मायदेशी परतली तेव्हा आई क्षयाने रुग्णालयात पडून होती. लेकीला चेक बोलता येईना, आईला जर्मन कळेना. काही महिन्यांत आई गेली.

मारीने साक्ष दिली तो खटला नाझींच्या वंशशुद्धीच्या कारभारातील चौदा जणांवर होता. परकी मुले पळवून त्यांना जर्मन बनवणे हा गुन्हाच, असे १० मार्च १९४८ च्या निकालाने नोंदवले. पण मुलांना ठेवून घेणाऱ्या ‘लेबेन्सबोर्न’ या संस्थेच्या चालकांना त्याच निकालाने या आरोपातून सोडले. पळवापळवी तिची नव्हे, हाती आलेल्या मुलांची तिने नीट देखभाल केली, असा न्यायाधीशांचा सूर होता. निकालाचा हा भाग मला सर्वाधिक अस्वस्थ करतो. मुलाला वेळेवर खायला मिळाले, अंगावर ऊबदार कपडे आले, की ते कुणाकडून आणले हा प्रश्न मागे पडतो. ‘मूल इथे सुखात आहे’ हा ताबा असणाऱ्याचा हुकमी युक्तिवाद असतो, आणि पुष्कळदा तो खरा असतो. सगळा पेच तिथेच आहे.

युद्धानंतर अशा मुलांचा शोध सुरू झाला, तेव्हा काही मुले सांभाळणाऱ्या बाईलाच आई समजत होती. त्यांना तिच्यापासून तोडायचे, की पोलंड-युगोस्लाव्हियात वाट पाहणाऱ्या आईला ‘आता उशीर झाला’ म्हणून सांगायचे? त्यात शीतयुद्ध आले. मूल कम्युनिस्ट देशात परत पाठवावे का, असा घोळ अमेरिकी अधिकारी घालू लागले. आधी रक्त मोजले गेले, मग राजवट. दोन्ही वेळी मुलाच्या नावाने बोलणारे पुष्कळ होते.

कायदा तेव्हापासून पुढे सरकला आहे. १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराने एका समाजाची मुले बळजबरीने दुसऱ्या समाजात नेणे हा वंशसंहाराचाच एक प्रकार मानला. युक्रेनमधील मुले बेकायदा हलवल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढले. आईवडिलांपैकी एकाने मूल परदेशी नेले, तर त्यासाठी १९८० चा हेग करार आहे; भारत त्यात सामील नाही.

पण काही प्रकरणे यांतल्या कुठल्याच चौकटीत बसत नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनच्या बालकल्याण खात्याने सात महिन्यांची एक भारतीय मुलगी, तिला झालेल्या दुखापतीवरून, आईवडिलांकडून काढून घेतली. त्यांच्यावरचे फौजदारी प्रकरण आरोपपत्राविना बंद झाले, तरी जून २०२३ मध्ये न्यायालयाने ताबा खात्याकडेच दिला. १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिले. या प्रकरणाची नाझींच्या पळवापळवीशी तुलना करणे सरळ अन्याय ठरेल. बाळाला इजा झाल्याचे दिसल्यावर सरकारने तातडीने पाऊल उचलू नये, असे कोण म्हणेल? आपल्याकडे ‘घरातली बाब’ म्हणून किती मुलांचा मार आपण झाकतो, हेही खासदारांनी पाहायला हवे.

प्रश्न पुढच्या महिन्यांचा आहे. चौकशी, तज्ज्ञांचे अहवाल, अपील यांत मोठ्या माणसांची दोन वर्षे जातात. तान्ह्या मुलाची तेवढ्यात पहिली भाषा ठरते. मग त्याच काळात जडलेला लळा निकालात पुरावा म्हणून पुढे येतो. म्हणजे विलंब करणाऱ्यालाच विलंबाचा फायदा. म्हणून ताबा कोणाचा हे न्यायालयाने सावकाश ठरवावे, पण मूल उचलल्याच्या पहिल्या आठवड्यापासून त्याच्या भाषेचे माणूस, नात्यातल्यांच्या देखरेखीखालील भेटी आणि जमल्यास त्याच समाजातले पालक कुटुंब देणे सरकारवर बंधनकारक असावे. आईवडील दोषी ठरले तरी यात मुलाचे काही बिघडत नाही. ते निर्दोष ठरले, तर परत जायला त्याच्याकडे घर उरते.