दोघांचा एक नाद

नवी पेठेच्या गजबजाटाला सरावलेल्या सोलापुरात दर जानेवारीत संमती कट्ट्यावर एक अजब लग्न लागते. विवाहाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला योगी सिद्धरामेश्वरांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची मुभा दिली, अशी कथा आहे; नंदीध्वज त्या योगदंडाचे प्रतीक. ज्याला दुसरेपणच उरले नाही त्याच्या नावाने लग्न कशाला? दुसरा माणूस अद्वैताच्या वाटेतला अडथळा की आधार, हा जुना वाद त्यात दडला आहे. माझ्या मते तो आधारच, आणि पुरावा जॅझच्या एका तबकडीत आहे.

१९६२ साली पियानोवादक बिल इव्हान्स आणि गिटारवादक जिम हॉल यांनी ‘अंडरकरंट’ मुद्रित केली. सोबत ना ड्रम, ना बास. दोन्ही वाद्यांवर एका वेळी अनेक स्वर वाजतात, पट्टाही बराचसा एकच. दोघे मोकाट सुटले तर नुसता गलका. म्हणून हॉल पुष्कळदा दोन-तीन स्वरांवर भागवतो. एरवी संथ गायले जाणारे ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ इथे द्रुत लयीत धावते. इव्हान्सच्या बढतीखाली हॉल गिटारवर ठेका धरतो, आणि मग भूमिका बदलतात. कोणी मिटत नाही, वरचढही होत नाही. ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणात ज्ञानेश्वर शिवशक्तीविषयी हेच सांगतात, आणि दृष्टान्तांत दोहोंतून उठणारा एकच नादही घेतात. तेव्हा लौकिक संगीत अध्यात्मात ओढल्याचा आरोप निदान माझ्या एकट्यावर येऊ नये.

कोणी म्हणेल, हे एकट्यालाही साधेल. इव्हान्सनेच ते करून पाहिले. १९६३ मध्ये ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ’साठी त्याने एकावर एक तीन पियानो स्वतःच वाजवले. तबकडी सुंदरच आहे, तिला ग्रॅमीही मिळाले. पण दुसऱ्या पियानोने पहिल्याला ऐकले, पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता नाही. वाजून गेलेला स्वर कुणासाठी थांबू शकत नाही. हॉल थांबू शकतो. कट्टर अद्वैती विचारील, मग दोघे उरलेच ना? उरले. गळाला तो ऐकण्याआधीच ‘माझा’ म्हणून ठरवून ठेवलेला स्वर. एकत्वासाठी जग पुसायचे असेल तर हा युक्तिवाद लंगडा पडेल. पण ज्ञानेश्वरांना जग पुसायचे नव्हतेच. ते चैतन्याचाच विलास आहे, हे ठसवायला त्यांनी अज्ञानखंडनाचे लांबलचक सातवे प्रकरण खर्ची घातले.