श्रवण : नेमकं कोणाचं ऐकायचं?



आजचं वाचन भागवताच्या सातव्या स्कंधातलं. हिरण्यकशिपू प्रल्हादाला मांडीवर घेऊन विचारतो, बाळा, शिकलास त्यातलं उत्तम काय ते सांग. प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो. त्या नऊंमध्ये पहिलं श्रवण. कीर्तन त्याच्यानंतर, आत्मनिवेदन तर सगळ्यात शेवटी. म्हणजे बोलण्याआधी ऐकणं.

श्रवण म्हणजे हरिकथा ऐकणं, हे खरंच. पण आपल्या वारकरी परंपरेत हरिकथेच्या पोटात माणसांच्याही कथा आहेत. चौदाव्या शतकातलं मंगळवेढ्याच्या चोखोबांचं घर घ्या. चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत. अस्पृश्यतेचा चटका एकच, पण आवाज किती वेगळे! चोखोबा कधी विनवणी करतात, कधी आपला जन्म पूर्वीच्या दोषाचं फळ मानतात. सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच हात घालतात : विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा तरी! आणि कर्ममेळा? जन्मभर उष्ट्यावर जगावं लागल्याचा जाब तो थेट देवाला विचारतो.

आता प्रामाणिकपणे सांगा, भजनात आपण काय जास्त गातो? चोखोबांची नम्रता. कर्ममेळ्याचा राग क्वचितच कानावर येतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं गोड बोलावं, ही आपली अपेक्षा असते. मला हे सोयीचं श्रवण वाटतं. एका घरातले पाचही आवाज ऐकल्याशिवाय त्या घराचं दुःख कळत नाही.

परंपरा सांगते, मंगळवेढ्याची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवरायांनी विठ्ठलनामाच्या खुणेवरून त्यांच्या अस्थी ओळखल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आपण त्या समाधीपुढे हात जोडून आत जात राहिलो; चोखोबांच्या समाजाला मात्र आत जाता येत नव्हतं. त्यासाठी 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली! अभंग लोकांच्या ओठांवर होते. मग ते पोचले का नाहीत? कारण आपण ते ऐकले नाहीत, फक्त गायले.

काही जण म्हणतील, "अहो, कोणाच्या आठवणींवर एवढा विश्वास कसा ठेवायचा? माणूस विसरतो, वाढवून सांगतो." मुद्दा योग्य आहे. तारीख, वार इकडेतिकडे होऊ शकतो, आणि तो ताडून बघायलाच हवा. पण कागदही सगळं सांगत नाही. कागद लिहिणारा बहुधा दाराच्या आतला असतो. बाहेर थांबवलं गेलेल्याला काय वाटलं, ते तोच सांगू शकतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या तोंडून त्यांची हकीकत ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 मध्ये आणलं. त्या बायका सभांना गेल्या, सत्याग्रहात उतरल्या. कोणी जाऊन विचारलं नसतं, तर त्यातलं कितीतरी त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

मग श्रवणाची कसोटी कोणती? मला तीन गोष्टी दिसतात. समोरचा बोलत असताना मधेच "पण आता तसं राहिलं नाही हो" म्हणू नये. त्याच्या दुःखाला प्रारब्धाचं नाव देऊ नये. चोखोबांनी स्वतःबद्दल तसं म्हटलं, तो त्यांचा अधिकार, आपण दुसऱ्याबद्दल म्हणणं हा निष्ठुरपणा. आणि ऐकून झाल्यावर आपलं काहीतरी बदलावं. डोळे पाणावले, स्टेटस टाकलं, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळाच राहिला, तर ते श्रवण कानाशीच थांबलं.

आजचा संकल्प : घरातल्या, सोसायटीतल्या, ऑफिसातल्या एखाद्या माणसाला, त्याची इच्छा आणि सवड असेल तर, विचारा : "तुम्हाला कुठल्या दारात थांबवलं गेलं?" ते सांगणार नसतील तर आग्रह नको. सांगितलं तर उत्तर देऊ नका, सल्ला देऊ नका. नुसतं ऐका. मग बघा, त्यातलं एखादं दार आपल्याच हाताने उघडण्यासारखं आहे का.

राम कृष्ण हरी!