टेबलाखालून दिसलेला श्लोक (गीता १८.२५)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला पंचविसावा. तामस कर्म कोणतं, ते भगवंत इथे सांगतात: पुढे काय होईल, किती नुकसान होईल, कुणाला इजा होईल आणि आपल्याला ते झेपेल का, हे न बघता मोहाने सुरू केलेलं काम.

खरं सांगते, हा श्लोक मी नेहमी दुसऱ्यांना लावून वाचायचे. घरी बसून, लॅपटॉप उघडून, निमूट नोकरी करणारी मी यात कशी येणार?

परवा मीटिंग चालू होती आणि माझी दीड वर्षाची लेक टेबलाखाली शांत बसली होती. जरा जास्तच शांत. वाकून बघितलं, तर छोट्या रिमोटचं झाकण निघालेलं आणि आतला चपटा गोल सेल तिच्या ओठांपाशी! मी तो हिसकावला आणि वर तिच्यावरच ओरडले, "किती वेळा सांगितलं, इथे हात लावायचा नाही!" ती रडत आजीकडे पळाली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, तिला काय कळतंय? कळतंय ते तुला."

खरंच, मला कळत होतं. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या फंदात न पडता थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. हे सगळं वाचलेलं होतं. तरी तो रिमोट महिनाभर खालच्या उघड्या खणात पडून होता.

आज श्लोक वाचताना म्हणूनच अडखळले. यात कुणाचं वाईट चिंतलेलं असावं लागत नाही. न बघणं पुरतं. "माझ्या मनात तसं काही नव्हतं" हे खरं असलं, तरी तेवढ्याने अहिंसा होत नाही.

मग देव राखत नाही का? राखतो ना. पण खण बंद करायला त्याने मला हात दिलेत. ते न वापरता त्याच्यावर भार टाकणं, ही श्रद्धा कसली, तो आळस.

आणि "झेपेल का" हा शब्द तर सगळ्यात बोचला. मीटिंग आणि मूल एकाच वेळी सांभाळता येतं, हा माझा मोह होता. आता मीटिंग असली की लेक आजीकडे किंवा बाबाकडे, आणि माझं दार बंद.

काल मी त्या खोलीत जमिनीवर बसले, तिच्या उंचीवर. तिथून वेगळंच दिसलं. चार्जरची लोंबती वायर, जी ओढली की लॅपटॉप डोक्यावर. एक्स्टेन्शन बोर्डाची भोकं. टेबलाच्या कडेला गरम चहा. स्टेपलरच्या पिना. पुस्तकांचं कपाट, तिच्यासाठी शिडीच! दुपारभरात कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं केलं, वायर टेबलामागे बांधली, बोर्ड वर नेला, सेल आणि पिना वरच्या कुलपाच्या खणात गेल्या. चहा आता स्वयंपाकघरातच.

मग लेकीला जवळ घेऊन सॉरी म्हटलं. तिला काही कळलं नाही. मला कळलं.

आजचा संकल्प: काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं आपल्या टेबलापाशी खाली बसूया. घरात मूल नसलं, तरी कधीतरी एखादं पाहुणं म्हणून येतंच.

हरी ॐ 🙏