छंद आणि तृष्णा



सरेमध्ये डिसेंबरात सूर्य लवकर मावळतो. गोदामातली पाळी, ट्रकची फेरी, मुलांची शाळा यांत दिवस सरतो. घर झाले, गाडी झाली, तरी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न उरतोच. सुपर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना तर तो जास्त छळतो. अशा वेळी कुणी सांगितले की रोज थोडे लिहा, गा, चित्र काढा, तर दोन शंका निघतात. समाधान मिळावे म्हणून काही करणे ही तृष्णाच नव्हे का? आणि कष्टकरी माणसाला एवढी सवड कुठली?

पहिल्या शंकेचे उत्तर पालीत आहे. मराठीत छंद म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा. पालीतला ‘छन्द’ मात्र चार इद्धिपादांपैकी पहिला. विरिय, चित्त आणि वीमंसा त्याच्यामागून येतात. कुशल कर्म करण्याची इच्छा नसेल तर प्रयत्न सुरूच होत नाही. तृष्णेला काहीतरी मिळवायचे असते, छन्दाला करायचे असते. स्वतःला एवढेच विचारावे: कुणी वाहवा केली नाही, तरी उद्या मी पुन्हा बसेन का?

बाबासाहेबांची शेवटची वर्षे आठवा. १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा, १९५२ च्या निवडणुकीत पराभव, मधुमेहाने खचलेले शरीर. याच काळात ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथावर काम करत राहिले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्यांनी प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद जवळ मागून घेतले. ग्रंथ निघाला १९५७ मध्ये. छापील प्रत त्यांनी पाहिलीच नाही. फळ हाती येण्यावरच समाधान अवलंबून असते, तर हे काम कधीच थांबले असते. आणि ते लोकांसाठी होते, म्हणून त्याला दिशा होती.

सवडीचे उत्तर नानकचंद रत्तूंकडे आहे. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्याचे रत्तू सरकारी नोकरी सांभाळून संध्याकाळी बाबासाहेबांचे टायपिंग करत.

अर्थात रात्रपाळी करून आलेल्याने झोप मोडून कविता लिहावी, असे कुणी म्हणणार नाही. तेही एक टोकच. पण वीस मिनिटे निघतात. आजीने तोंडपाठ असलेली भीमगीते रोज एक याप्रमाणे वहीत उतरवावीत. नातवाने त्यांच्या चाली पेटीवर बसवाव्यात. आपली कितीतरी गाणी अजून कागदावर आलेली नाहीत. गाणारी गेली की तीही जातील.

‘पुढे काय?’ याचे उत्तर आधी सापडेल आणि मग काम सुरू होईल, अशी वाट पाहत बसू नये. वही उघडली की पुढचे पान दिसू लागते.

भवतु सब्ब मंगलं!