थिबाराजाचे घर

रत्नागिरीला थिबाच्या राजवाड्याच्या टेकाडावर उभे राहिले म्हणजे खाली भाट्याची खाडी दिसते आणि खाडीच्या मुखापलीकडे थेट क्षितिजापर्यंत समुद्र. वारा असा की टोपी धरून ठेवावी लागते. मागे एकदा मी तिथे उभा असता शेजारचे एक वयस्क गृहस्थ समाधानाने म्हणाले, "अहो, कैद असावी तर अशी!" मी हसलो. मागाहून मात्र त्या हसण्याची लाज वाटली. कारण त्यांच्या तोंडून निघण्याआधी तोच विचार माझ्याही मनात डोकावून गेला होता.

घर आणि तुरुंग यांतला फरक नेमका कशाने पडतो? भिंतींच्या उंचीने पडत नाही, एवढे तर हा वाडा पाहताच कळते. लाल भिंतींची, उतरत्या छपरांची तीन मजली इमारत. अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या. खाली संगमरवरी फरशीचा मोठा दिवाणखाना. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजासाठी इंग्रज सरकारने ती मुद्दाम बांधवली. सागवानाच्या ओंडक्यांवरून बॉम्बे-बर्मा कंपनीला राजदरबाराने दंड ठोठावला, त्याचे निमित्त होऊन १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले पडले, आणि १८८६ च्या एप्रिलात राजा मद्रासमार्गे रत्नागिरीला आला. आगगाडी नाही आणि पावसाळ्यात बोटीही बंद, अशा बंदरात माणूस ठेवला की पहारेकऱ्यांचे निम्मे काम समुद्रच करतो. पुढे १९२४ ते १९३७ या काळात सावरकरांनाही याच गावात स्थानबद्ध केले गेले, ते काही योगायोगाने नव्हे.

पहिली चोवीस वर्षे राजा नेमून दिलेल्या बंगल्यांत राहिला. हा वाडा मिळाला १९१० साली. मी पुष्कळदा विचार करतो की पाया खणलेला पाहून त्याला आनंद झाला असेल का? जोवर माणूस दुसऱ्याच्या बंगल्यात राहतो तोवर आपण इथे पाहुणे आहोत, अशी समजूत त्याला मनाशी बाळगता येते. स्वतःसाठी घर बांधले जाऊ लागले की ती समजूत संपते. भिंत जसजशी वर चढली असेल, तसतशी परतीची आशा खाली उतरली असेल. राजा वाड्यातून दुर्बिणीने बोटी न्याहाळीत असे, असे गावात अजून सांगतात.

ज्या साली थिबा या वाड्यात राहायला आला त्याच साली, १८५६ मध्ये याच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक थिबाच्या मंडालेत बंदिवान होते. इतिहासाने दोन माणसांची गावे बदलून घेतली म्हणा ना! टिळकांची कोठडी आणि हा वाडा यांची तुलना करावी तर सुखाच्या मापाने कोठडी कुठल्या कुठे मागे पडेल. पण टिळकांवर खटला चालला होता, आरोप उच्चारला गेला होता, सहा वर्षांची मुदत ठरली होती आणि १९१४ त ते सुटले. थिबावर ना खटला, ना मुदत. त्याला जे काही मिळत होते ती सरकारची मेहेरबानी होती. शिक्षा कधीतरी भोगून संपते; मेहेरबानी कशी भोगून संपायची? १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला.

इथवर विचार आला की राजाची कणव येते, आणि इथेच मला थोडे अडखळल्यासारखे होते. १८७९ साली, त्याच्या राज्यारोहणानंतर थोड्याच महिन्यांत, मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातल्या सत्तर-ऐंशी माणसांची कत्तल झाली. ती राणीने व तिच्या आईने घडवली, राजा नामधारी होता, असे म्हणणारे आहेत. असेल. तरी सिंहासनावर तोच बसला होता. मग त्याच्या वाट्याला आलेली ही समुद्राकडे पाहत काढलेली तीस वर्षे म्हणजे त्या रक्ताची परतफेड समजायची का? मला हा हिशेब पटत नाही. इंग्रजांनी त्या मृतांसाठी लढाई केली नव्हती. आणि एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या अन्यायाने होते असे मानले, तर प्रत्येक बलिष्ठाला आपल्या सोयीचा न्याय सापडेल.

पण खरा अडथळा पुढेच आहे. मंडाले सोडले तेव्हा राजाची थोरली मुलगी पाचएक वर्षांची होती. तिने कोणाचे काय केले होते? चारही राजकन्या इथे मोठ्या झाल्या, वये उलटत गेली. राजघराण्याला साजेसा वर इथे मिळेना आणि दुसरा पसंत पडेना. थोरलीचे मन बसले ते वाड्यावरच्या एका नोकरावर, आणि तो विवाहित होता. तिला मुलगी झाली. १९१९ साली राणी आणि मुली ब्रह्मदेशी परतल्या. थोरली मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये गरिबीत इथेच वारली. तिची मुलगी, म्हणजे राजाची नात, याच गावात संसार करून, मराठी बोलत, चारचौघींसारखी म्हातारी होऊन २००० साली गेली.

राजाची कहाणी ऐकून आपण हळहळतो, कारण तो उंचावरून पडला. नातीला पडायला उंचीच नव्हती. ती जन्मलीच तळाशी. मग हळहळ अन्यायाची असते की उंचीची? मुळे-माड विकणाऱ्या, गोवऱ्या थापणाऱ्या कितीतरी बायका त्या गावाने पाहिल्या. त्यांतल्या एकीच्या अंगात मंडालेचे रक्त होते, म्हणूनच मी आज तिच्याविषयी लिहितो आहे, हे मलाही नाकारता येत नाही.

२०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष राजाच्या समाधीपाशी येऊन गेले. राजवाड्यात आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्या दिवशी आम्ही सगळे वरच्या मजल्यावर गेलो तेव्हा प्रत्येकजण हेच विचारीत होता की राजा कुठल्या खोलीत झोपायचा. थोरल्या मुलीची खोली कुठली, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. पायऱ्या उतरून खाली आलो तेव्हा आठवले, पण तोवर दार लावायची वेळ झाली होती.