लाट तिची होती

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ गावी, वेस्ट क्लिफ रस्त्यावर विटांचं एक छोटं दीपगृह आहे. त्याच्या पुढ्यात कड्याला कठडा, आणि खाली स्टीमर लेन, सर्फिंगची जागा. लाटा इथे कड्याच्या इतक्या जवळून वळतात, की कठड्यावर रेललेल्या माणसाला सर्फरच्या वेटसूटवरचं ठिगळही दिसावं. त्यामुळे जेवढी माणसं पाण्यात, तेवढीच कठड्याला. पाण्यातली लाटांवर असतात, कठड्यावरची बातम्यांवर.

ही गोष्ट त्या कठड्यावरच्या नेहमीच्या चौघांची. एक म्हातारा सुतार, एक नर्स जी रात्रपाळी संपवून थेट इथेच येई, बेकरीतला एक जाडजूड गडी आणि शाळेत जाणारा एक पोरगा. कोणी कोणाच्या लाटेत घुसलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणी गाडीची किल्ली चाकावर लपवली आणि नंतर कुठल्या चाकावर तेच विसरला, सगळं इथे आधी कळायचं. थोडं पुढे सर्फरचा ब्राँझचा पुतळा आहे. नाताळात त्याला लाल टोपी कोणी घातली यावर दोन-दोन दिवस चर्चा चाले. २०२३च्या जानेवारीत वादळी लाटांनी रस्त्याचा कडेचा भाग तोडून नेला, तेव्हा तर नर्स तशीच गणवेशात येऊन उभी राहिली होती. या कठड्याच्या पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही.

इथे सर्फरांच्या नियमांची एक पाटीही आहे. लाटेवर जो आधी, लाट त्याची; आपली फळी सोडू नये; दुसऱ्याला मदत करावी. सुताराला ती पाठ होती आणि नवख्यांना तो ती वाचायला लावायचा.

२०२३च्या उन्हाळ्यात एका सकाळी शाळकरी पोरगा पोहत किनाऱ्याला आला. बोर्ड नाही. मागे वळून पाहावं तर त्याच्या निळ्या बोर्डावर पाणमांजराची एक मादी ऐटीत बसलेली! मिशांवरून पाणी ठिबकतंय, पुढचे दोन्ही पंजे बोर्डाच्या कडेवर रोवलेले, आणि दातांनी फायबरग्लास फोडून आतला पांढरा फोम बाहेर काढणं चाललेलं. पोराने पायाची दोरी सोडून जीव सोडवला होता. तेवढ्यात मागून लाट आली. सगळ्यांना वाटलं, आता ही पडणार. पण ती बोर्डासकट लाटेवरून घसरत थेट पुढे आली.

"बघितलंस?" सुतार म्हणाला. "लाटेवर ती आधी. लाट तिची."

कठडा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. बेकरीवाल्याने पोराला दोन बन फुकट दिले, दुखवट्याचे म्हणून.

मग ती बातमी कठड्याची राहिली नाही. पाच वर्षांची मादी, नंबर ८४१. जुलैत तिचे फोटो जगभर गेले. कड्यावर इतकी गर्दी झाली, की नेहमीच्यांना स्वतःच्या कठड्यावर कोपर टेकायला जागा मिळेना. तिच्या चित्रांचे टी-शर्ट निघाले. 'पाणमांजर आक्रमक आहे, आपल्या जबाबदारीवर पाण्यात उतरा' अशी पाटी लागली. मत्स्य आणि वन्यजीव खात्याची माणसं, मॉन्टेरे बे मत्स्यालयाची माणसं, बोटी, जाळी. ती सापडली की तिला पुन्हा समुद्रात सोडायचं नाही, कायम मत्स्यालयात ठेवायचं, असं ठरलेलं. पण दिवसामागून दिवस गेले आणि ती काही जाळ्यात येईना. प्रत्येक वेळी ती निसटली की कड्यावर टाळ्या पडत.

टाळ्यांमध्ये सगळ्यात मोठा आवाज पोराचा. ज्याचा बोर्ड खाल्ला गेला तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला होता, आणि प्रसिद्धीची चव एकदा लागली की पुन्हा हवीशी वाटते. एका संध्याकाळी तो मासळीच्या दुकानातून पिशवीभर स्क्विड घेऊन आला. "उद्या पाण्यात नेतो. माझ्याकडे येईल ती. फोटो काढा."

कठड्याच्या टोकाला दुर्बीण घेऊन एक बाई रोज उभ्या असत, पाणमांजरांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्वयंसेविका. एरवी बोलत नसत. पिशवी पाहिली आणि त्या जवळ आल्या.

"तिच्या आईची गोष्ट माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

आई लहानपणीच पोरकी झालेली. माणसांनी वाढवली, समुद्रात सोडली. आणि मग लोकांनी तिला स्क्विड भरवायला सुरुवात केली. लाडाने, हौसेने. ती माणसांच्या जवळ जवळ येऊ लागली, इतकी की तिला परत आणावं लागलं. ती गाभण होती. ८४१ जन्मली ती पिंजऱ्यात. पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून सांभाळणारे तोंड झाकून, अंगावर ढगळ झगे चढवून जात. २०२०मध्ये तिला मोकळं केलं. ती अशी का वागते ते कोणी छातीठोक सांगत नाही. अंगातल्या हार्मोन्समुळे असेल, किंवा हिलाही कोणी भरवलं असेल.

"फरच्या व्यापारात पाणमांजरांची इतकी शिकार झाली, की कॅलिफोर्नियातून गेलीच असं धरून चालले होते लोक," बाई म्हणाल्या. "१९३८मध्ये बिग सूरच्या किनाऱ्याला एक लहानसा कळप दिसला. आज आहेत ती तीनेक हजार त्या मूठभरांची. बंदुकीपासून वाचवली. आता तुझ्या पिशवीपासून वाचवायची."

आपल्याकडे माथेरानला हेच चालतं. एक जण माकडाच्या हातात कौतुकाने वेफर्सचं पाकीट देतो, आणि दुसऱ्याची पिशवी ओढली की दगड माकडाला बसतो. पाकीट देणारा तोवर गाडीत बसून घरी गेलेला असतो. मला या पहिल्या माणसाचाच राग येतो. दगड मारणारा निदान समोर असतो.

पोरगा पिशवी धरून उभा. त्याला ओरडावं असं कोणाला वाटलं नाही. सुताराने त्याच्या हातातली पिशवी घेतली, वजन पाहिलं आणि म्हणाला, "चांगले ताजे आहेत. लिंबू आहे का कोणाकडे?" त्या संध्याकाळी सुताराच्या अंगणात सगळ्यांनी ते स्क्विड भाजून खाल्ले. बाईंनीही. बेकरीवाल्याने चार पाव आणले आणि पोराने सगळ्यांच्या बश्या धुतल्या.

ऑगस्टअखेरीस दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या. सुताराचे गुडघे वर्षभर असल्याच दिवसाची वाट पाहत होते. तो कड्यालगतच्या जागेवर जाऊन बसला. तीन लाटा सोडल्या, चौथी हेरली. हिरवी, उंच, कडेपासून नीट सोलत येणारी. त्याने हात मारायला घेतले आणि वीस हातांवर समुद्री शेवाळाच्या पानांतून ते मिशाळ डोकं वर आलं. म्हाताऱ्याने बोर्ड वळवला आणि उलट दिशेला वल्हवू लागला. त्याचं बघून पलीकडच्या दोघांनी वळवला, मग नर्सने. लाट आख्खी रिकामी फुटली.

कड्यावर एक पाहुणा हळहळला. "एवढी लाट का सोडली त्यांनी?"

"तिची होती," पोरगा म्हणाला.

ऑक्टोबरात ८४१ दिसली ती उताणी तरंगताना, पोटावर पिल्लू. जाळी थांबली. तिला बोर्डाची आठवणही उरली नव्हती. पिल्लू पोटावरून बाजूला ठेवायचं, खेकडा आणायला बुडी मारायची, वर येऊन पिल्लाची फर पुन्हा चाटून-पुसून फुगवायची, यातच तिचा दिवस जाई.

पाहुणे मात्र येत राहिले. कॅमेऱ्याच्या लांब नळ्या रोखून विचारत, "कुठे आहे ती? कुठल्या बाजूला?"

"कुठली ती?" बेकरीवाला विचारी.

नर्सला घड्याळाची आठवण होई. सुतार बोर्डाला मेण घासत बसे. आणि पोरगा पाहुण्यांचा हात धरून त्यांना दीपगृहातल्या सर्फिंग संग्रहालयात घेऊन जाई. १८८५ साली हवाईचे तीन राजपुत्र इथल्याच सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी रेडवुडच्या फळ्यांवर लाटा चढले, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं पहिलं नोंदलेलं सर्फिंग तेच, हे तो इतकं सविस्तर सांगे, की पाहुणे बाहेर येईतो संध्याकाळ झालेली असे.